इंजिन पेलणारा सांगाडा : पुण्याच्या सायकलपासून लूनापर्यंत

१/
सायकलला इंजिन बसवायचे ठरले की मनात पहिला प्रश्न येतो तो इंजिनाचा : किती ताकदीचे, किती पेट्रोल पिणारे, किती किमतीचे? इतिहासात मात्र इंजिन मिळाले नाही म्हणून फारसे कोणाचे अडलेले दिसत नाही. अडले ते सांगाड्यापाशी, म्हणजे आपण ज्याला सायकलची 'फ्रेम' म्हणतो तिच्यापाशी. हा धागा त्या सांगाड्याचा आहे, आणि त्याचा मुक्काम पुण्यात आहे.

२/
पुणेच का? कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर हे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. पेठांतला कारकून, फर्ग्युसनचा विद्यार्थी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, घरोघर रतीब घालणारा दूधवाला या सर्वांचे वाहन एकच. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला सायकलवर असे, दिवा नसेल किंवा डबलसीट दिसले तर पोलिसाची शिट्टी वाजे, आणि ज्याच्याकडे स्वतःची सायकल नसे त्याला ती तासाच्या भाड्याने मिळे.

३/
हे सारे शहर लहान होते तोवर ठीक चालले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभे राहिले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हा सगळा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. शनिवारवाड्यापासून पिंपरी साधारण १५ किलोमीटर. आठ तासांच्या पाळीआधी १५ आणि पाळीनंतर १५ किलोमीटर पेडल मारणे ही पंचविशीतल्या माणसाला जमणारी गोष्ट आहे. पंचेचाळिशीतल्या माणसाला ती रोज जमतेच असे नाही. सायकलला इंजिन हवे ही हौस नव्हती. ती या अंतराने निर्माण केलेली गरज होती.

४/
मग दारातल्या सायकललाच इंजिन का लावू नये? उत्तर शोधण्यासाठी ती दारातली सायकल नीट पाहिली पाहिजे.

तिचा आराखडा इंग्रजी. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर सेफ्टी' सायकल आणली. दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी. त्यातूनच लवकर नळ्यांचा तो चौकोनी, हिऱ्याच्या आकाराचा सांगाडा रूढ झाला. भारतात तो आयात मालाबरोबर आला आणि पुढे इथेच घडू लागला : मुंबईची हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस बनवणारी टी. आय. सायकल्स, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो. नावे निराळी, पण सांगाडा जवळपास एकच. वरची दांडी, खालची तिरकी नळी, सीटची नळी, मागच्या चाकाला धरणाऱ्या बारीक नळ्यांच्या दोन जोड्या आणि पुढचा चिमटा.

५/
या सांगाड्याचे खरे बळ नळ्यांत नसून सांध्यांत असते. नळ्या एकमेकींना नुसत्या डकवलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यावर एक पोलादी कवच असते, त्याला कारागीर 'लग' म्हणतात. नळी त्यात सरकवून पितळेच्या झाळीने पक्की करतात. पितळ पोलादापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते, त्यामुळे पातळ नळी जळत नाही आणि सांध्यावरचा ताण एका रेषेवर न साचता कवचभर पसरतो. दूधवाले, सिलिंडरवाले यांच्यासाठी याच घराण्यातली थोरली बहीण मिळे : वरची दांडी दुहेरी, पुढच्या चिमट्याला जोडसळ्यांचा आधार, मागे जाड कॅरिअर. इंग्रजी रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्या चाकाला ४०. कारण ओझे मागे असते, हे कोणा हुशार माणसाने फार पूर्वी ओळखले होते.

६/
क्विंटलभर ओझे वाहणारी अशी सायकल एक हॉर्सपॉवरचे इंजिन सहज ओढून नेईल असे वाटते. इथेच गफलत होते. इंजिनाच्या ओढीने सांगाडा मोडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. ७० किलोचा माणूस चढावर उभा राहून साडेसहा इंची क्रँकवर सगळे वजन टाकतो, तेव्हा साखळीला बसणारी ओढ लहान इंजिनाच्या ओढीहून कमी नसते. ओढ सहन करायला सायकल मुळातच शिकलेली असते.

७/
तिला सवय नसते ती तीन गोष्टींची.

पहिली वेगाची. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ४० ने जाऊ लागली, तर वेग पावणेतीन पट होतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे सात पट. प्रत्येक खड्ड्याचा दणका आणि प्रत्येक ब्रेकचा भार त्याच हिशेबाने वाढतो. तो सारा पुढच्या चिमट्याच्या मुळाशी, हँडलच्या नळीला तो जिथे भिडतो तिथे, येऊन आदळतो.

दुसरी कंपनाची. माणूस मिनिटाला साठ-सत्तर वेळा पेडल फिरवतो, तर लहान टू-स्ट्रोक इंजिन त्याच मिनिटात काही हजार वेळा धडधडते. एका दणक्यात न मोडणारा धातू लाखो बारीक हिसक्यांनी चिरतो.

तिसरी थांबण्याची. सळईचे ब्रेक चकचकीत क्रोमच्या रिमला खालून रबराचे ठोकळे टेकवतात. पुण्याच्या आषाढात, ओल्या रिमवर ते काय करतात हे ज्यांनी लकडी पुलाच्या उतारावर अनुभवले असेल त्यांना सांगायला नको.

८/
हा धडा पुण्याच्या आधी पॅरिसने गिरवला होता. मूळचे रशियन असलेले वेर्नर बंधू १८९७ मध्ये तिथे 'मोतोसिक्लेत' विकू लागले. सांगाडा साध्या सायकलचा, इंजिन हँडलच्या पुढे, पुढच्या चाकाच्या वर, आणि त्या चाकाला पट्ट्याने ओढ. बसवायला सोपे, दुरुस्तीला हाताशी. पण सारा भार उंच आणि पुढे. ओल्या रस्त्यावर यंत्र अंगाखालून निसटे. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन तिथून काढले आणि खाली आणले, नेमके जिथे सायकलच्या पेडलांचा आस असतो तिथे. त्यासाठी सांगाड्याचा तो भागच नव्याने बांधला. आजच्या मोटारसायकलचे इंजिन जिथे असते ती जागा ही अशी ठरली. मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनांच्या कहाण्या भरपूर सांगतात. ही जागा बदलण्याची कहाणी त्याहून मोठी आहे.

९/
दुसऱ्या महायुद्धानंतर तोच खेळ पुन्हा. युरोप कंगाल झालेला, सायकली मुबलक, पेट्रोल महाग. इटलीत ४८ घनसेंटिमीटरचे 'कुच्चोलो' आले. या शब्दाचा अर्थ कुत्र्याचे पिल्लू; त्याच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून हे नाव पडले. ते सायकलच्या पेडलांपाशी बसे. इंग्लंडात १९५० मध्ये 'सायकलमास्टर' आले. त्याची युक्ती अधिक शहाणपणाची : मागचे चाकच काढून टाकायचे आणि ज्याच्या मध्यात इंजिन बंदिस्त आहे असे तयार चाक बसवायचे. सांगाड्याला कुठे भोक नाही, कुठे पट्टी आवळायची नाही, वजन खाली आणि मागे. फ्रान्सच्या 'वेलोसोलेक्स'ने इंजिन पुन्हा पुढच्या चाकावर ठेवले. पण ती गाडी आपल्याच सांगाड्यासकट विकली जाई. म्हणजे जिने जुनी अवघड जागा निवडली, तिने कोणाच्या घरच्या सायकलवर भरवसा ठेवला नाही.

१०/
जपानची गोष्ट सर्वपरिचित आहे, तरी या संदर्भात पुन्हा सांगण्याजोगी. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचासाठीच्या जनित्राची शिल्लक इंजिने मिळवून सायकलींना लावली. पहिल्या प्रयोगात तेलाची टाकी म्हणून अंथरुणात घ्यायची गरम पाण्याची पिशवी वापरली. १९५२ चे त्यांचे 'कब एफ' हे इंजिन मागच्या चाकाशेजारी बसे आणि सायकलच्या दुकानांतून विकले जाई. आणि १९५८ मध्ये 'सुपर कब' आली तेव्हा सायकलच्या नळ्या नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या जागी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा कणा होता. सहा वर्षांत इंजिन विकणारा माणूस सांगाडा विकू लागला.

११/
आता पुन्हा पुणे.

१९६० च्या दशकात पुण्यातल्या मध्यमवर्गीयाला पेट्रोलवर चालणारे काही हवे असेल, तर आकुर्डीच्या बजाज ऑटोची स्कूटर समोर होती. इटलीच्या पियाजियो कंपनीकडून परवाना घेऊन बजाजने व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. परंतु परवाना-राज्यात किती स्कूटरी बनवायच्या हे सरकार ठरवी. मागणी वाढत गेली, तशी प्रतीक्षायादी वर्षांवर्षांची झाली. मुलगी उपवर होण्याच्या बेताला वडिलांनी स्कूटरचा नंबर लावून ठेवायचा, असे दिवस होते. शिवाय किंमत कारखान्यातल्या कामगाराला झेपणारी नव्हती.

१२/
सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ही मोकळी जागा हस्तीमल कुंदनमल फिरोदिया यांनी हेरली. फिरोदिया घराणे मूळचे अहमदनगरचे. थोरले बंधू नवलमल हे स्वातंत्र्यसैनिक, बजाज टेम्पोचे संस्थापक. ऑटोरिक्षा या देशात रुजवण्यातही याच घराचा वाटा. हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनीअरिंगची स्थापना केली, आणि १९७२ मध्ये ५० घनसेंटिमीटरची लूना रस्त्यावर आली. आयआयटी मुंबई आणि एमआयटीत शिकून आलेले त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया या कामात अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि पेट्रोलचे भाव भडकले. लूनाला याहून चांगला मुहूर्त लाभला नसता.

१३/
इतिहासाच्या दृष्टीने मात्र लूनातली सर्वांत बोलकी गोष्ट तिचे इंजिन नव्हे.

फिरोदियांच्या समोर एक सोपा मार्ग होता. देशात लाखो पोलादी सायकली होत्या. सायकलमास्टरसारखे एखादे जोडइंजिन बनवून विकता आले असते. गिऱ्हाईकाचा खर्च निम्म्यावर आला असता. तो मार्ग त्यांनी घेतला नाही. लूना ही पियाजियोच्या 'चाओ' या १९६७ च्या मोपेडच्या वळणावर बेतलेली होती, आणि चाओ म्हणजे इंजिन लावलेली सायकल नव्हे. तिचा कणा दाबीव पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांना जोडून केलेली पोकळ पेटी होता. पेट्रोल त्या कण्याच्याच पोटात. इंजिन खाली, पेडलांजवळ. वरची दांडी नाहीच, त्यामुळे धोतर, साडी, काहीही नेसून बसता यावे. चाके सायकलपेक्षा लहान, टायर जाड, आणि ब्रेक रिमवर न घासता चाकाच्या तुंब्यातल्या बंद ड्रममध्ये, म्हणजे पावसापासून बरेचसे सुरक्षित.

१४/
सातव्या टिपणातल्या तीन दुखण्यांवर हा एकेक उतारा आहे, हे लक्षात येईल. वेगाचा दणका लहान-जाड चाकांनी सोसायचा, कंपन पेटीसारख्या कण्याने पसरवायचे, आणि थांबण्याचे काम ड्रमने करायचे.

आणि एक गंमत. व्हेस्पाचा आराखडा विमानांचे अभियंते कोर्रादिनो द'अस्कानियो यांचा. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी भार पेलणारा पत्र्याचा देह ही त्या गाडीची मुख्य कल्पना. तीच कंपनी, तीच विचारसरणी चाओत उतरली. म्हणजे नळ्यांच्या सायकलवर वाढलेल्या पुण्यात पत्र्याचा सांगाडा एकाच इटालियन घरातून दोनदा आला : एकदा आकुर्डीमार्गे स्कूटर म्हणून, एकदा फिरोदियांमार्गे लूना म्हणून. 'पुणेरी' म्हणून जे मिरवले जाते त्यात पोंतेदेराच्या कारखान्याचा एवढा अंश आहे.

१५/
सायकलचे लूनात काय उरले? पेडल. स्टँडवर चढवून पेडल मारले की इंजिन सुरू होई, चढावर दम लागला तर पायांनी हातभार लावता येई, आणि पेट्रोल संपले तर अब्रू राखून घरी पोहोचता येई. सायकलस्वाराला नव्या यंत्राची भीती वाटू नये, हा त्यांचा कदाचित सर्वांत मोठा उपयोग. १९८० च्या दशकात पीयूष पांडे यांच्या लेखणीतून आलेली 'चल मेरी लूना' ही जाहिरात गाजली, ती याच ओळखीच्या, घरगुती नात्यावर.

१९८० मध्येच होसूरच्या टीव्हीएस ५० ने दोन माणसांसाठी बांधलेली मोपेड आणली. एका पोलिसाच्या शिट्टीने जो डबलसीटचा प्रश्न सोडवू पाहिला होता, तो तिथे सांगाड्याने सोडवला.

१६/
कायद्यानेही या वर्गाला वेगळी जागा दिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांची अट असताना ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीचा परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो. पुण्यातल्या कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात सायकलींच्या रांगा विरळ होऊन मोपेड का दाटल्या, याचे अर्धे उत्तर या कलमात आहे. सायकलींचे शहर दुचाकींचे शहर झाले ते एका झटक्यात नव्हे. मध्ये पेडल असलेली एक पायरी होती.

१७/
ही कथा इथेच संपली असती, तर ती केवळ स्मरणरंजन ठरली असती. पण गेल्या काही वर्षांत तोच प्रश्न परत आला आहे. विजेची मोटर, बॅटरी आणि नियंत्रक असा संच आता घरपोच मिळतो. पुण्यात विद्यार्थी, वस्तू पोहोचवणारे तरुण, निवृत्त काका, सगळेच तो जुन्या सायकलला लावून पाहताहेत. कोणी चिनी बनावटीचे पेट्रोल इंजिनही लावतात. त्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे : चारपेक्षा कमी चाकांचे वाहन २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे असेल तरच ते मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. त्याहून मोठे इंजिन लावलेली सायकल म्हणजे नोंदणी नसलेली मोटारसायकल, मग ती कितीही सायकलसारखी दिसो.

१८/
या मंडळींना वर्नर बंधूंपासून फिरोदियांपर्यंतचा अनुभव काय सांगतो? सांगाडा निवडायचाच असेल, तर तो कोणता?

पोलादाचा. हे मत जुनाट वाटेल, कारण आज दुकानात हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली अधिक दिसतात. पण पोलादाचा एक गुण आहे : विशिष्ट मर्यादेखालचे हिसके ते जवळजवळ अमर्याद काळ सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हिसका त्याच्या खाती जमा होत राहतो आणि एके दिवशी हिशेब चुकता होतो, बहुधा पूर्वसूचना न देता. पोलाद आधी वाकते, रंगाखाली रेघ दाखवते, आणि रास्ता पेठेतला कोणीही कसबी वेल्डर त्याला झाळू शकतो.

१९/
म्हणून आजही मोटरसाठी सर्वांत भरवशाचा सांगाडा बहुधा अडगळीतच पडलेला असतो : आजोबांची काळी, दुहेरी दांडीची, लगच्या सांध्यांची सायकल. मात्र ती आहे तशी उपयोगाची नाही. रंग खरवडून हँडलच्या नळीखालचा सांधा आणि चिमट्याचे मूळ तपासावे लागते. गंज नळीच्या आतून आला असेल तर बाहेरून दिसत नाही, टिचकी मारल्यावर बद्द आवाज येतो. कोन, वाट्या आणि छर्रे बदलावे लागतात. मोटर चाकाच्या तुंब्यात असेल, तर ती शक्यतो मागच्या चाकात. पुढच्या चाकातली मोटर आपला आस उलट दिशेने पिळते आणि चिमट्याच्या टोकाची खाच रुंदावते. तिथे पोलादी आधारपट्टी नसेल तर चाक निसटू शकते. वेर्नरांचे पुढचे चाक एका कारणाने दगा देई, हे दुसऱ्या. पण जागा तीच.

२०/
ब्रेकच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. जुन्या चिमट्याला डिस्क ब्रेकची पट्टी वेल्ड करून घेणारे पुष्कळ आहेत. सळईच्या ब्रेकसाठी घडवलेल्या चिमट्याचे दोन्ही पाय सारखा भार घेतात; डिस्कचा सारा भार एका पायाच्या खालच्या टोकाला बसतो. तो पाय त्यासाठी बांधलेला नसतो. त्यापेक्षा ड्रमचा तुंबा असलेले चाक विणून घेणे बरे. लूनाने पन्नास वर्षांपूर्वी तेच केले होते.

२१/
लूनाही परतली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी 'ई-लूना' बाजारात आणली. तिचा सांगाडा मजबूत पोलादी नळ्यांचा आहे आणि १५० किलो ओझे वाहण्यासाठी बांधलेला. पत्र्याच्या पेटीकडून पुन्हा नळ्यांकडे, दूधवाल्याच्या दुहेरी दांडीच्या दिशेने. पेडल मात्र गेले.

२२/
ज्यांना पेडल सोडवत नाही त्यांच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक चौकट आहे : मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी. तेवढ्यात राहिले तर नोंदणी नको, परवाना नको. हे आकडे नियम करणाऱ्यांनी रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी ठरवले असतील. पण ताशी २५ किलोमीटर हा जवळपास तोच वेग आहे, ज्याने पिंपरीचा एखादा तगडा कामगार पाळीला उशीर झाला की आपली काळी सायकल दामटीत असे. त्या सांगाड्याला तेवढाच वेग ठाऊक होता.

(समाप्त)